कण्हण्याची स्थळतपासणी

दुपारी दोनला, लेकीचा, श्रद्धाचा, डोळा नुकता लागत असताना, दाराची कडी वाजली. पोर टक्क जागी झाली आणि मंदाने मनातल्या मनात कारखान्याच्या कल्याण विभागाचे कल्याण चिंतले.

दारात कल्याण अधिकारी दत्ताजीराव उभे होते. फॉर्मसकट.

मंदाच्या नवऱ्याच्या, विश्वंभरच्या, गुडघ्यातली फाटलेली गादी कालच दुर्बिणीतून दुरुस्त झाली होती. सकाळी दवाखान्यात, संध्याकाळी गोत्री भागातल्या घरी. डॉक्टरांनी भुलीतच स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यामुळे दुखणे नावालाच उरले होते. ‘‘पण दुखत नाही म्हणजे बरा झाला असं नाही. पंधरा दिवसांच्या आत शिडी चढलात, तर गुडघा कायमचा जाईल,’’ असे त्यांनी बजावले होते. विश्वंभरची नोकरी शिडीवरचीच. आणि कारखान्याचा नियम असा, की दवाखान्यात रात्र काढणाऱ्यास रजा; इतरांस घरी कण्हणे आढळल्यास.

‘‘केम छो, विश्वंभर? दुखतंय?’’

‘‘नाही साहेब. इंजेक्शन मस्त लागू पडलं.’’

दत्ताजीरावांचा चेहरा पडला. ‘‘अरे भाई, असं काय करतोस! आता मला ‘आढळले नाही’ लिहावं लागणार. म्हणजे उद्या हजर.’’

‘‘डॉक्टरांची चिठ्ठी आहे ना, साहेब,’’ मंदा म्हणाली.

‘‘ती गुडघ्याची, वहिनी. रजा माणसाला मिळते.’’

विश्वंभरने कण्हून पाहिले. दत्ताजीरावांनी डोळे मिटून ऐकले. ‘‘हे दाढेचं झालं. गुडघ्याचं जरा खालून येतं. अर्थात आमच्या घराण्यात कुणी कण्हत नाही. पणजोबा गायकवाडी फौजेत. मांडीत भाला घुसला, पण चकार शब्द नाही!’’

‘‘मग मिळाली का त्यांना रजा?’’ मंदाने विचारले.

‘‘छे! तिथेच गेले.’’

मंदा स्वयंपाकघरात गेली. ओट्याला दोन्ही हात टेकून तिने श्रद्धाच्या जन्माच्या वेळचे कळांचे अठरा तास आठवले आणि ती अशी काही कण्हली, की समोरच्या घराची खिडकी उघडली.

दत्ताजीरावांचे पेन आपोआप चालू लागले. ‘‘घरी कण्हणे आढळले: होय. कोणाचं, ते फॉर्मात विचारलेलं नाही. दर तीन दिवसांनी तपासणीला येईन हं, वहिनी. सूर उतरता कामा नये.’’

ते गेले. शिडी टळली. मंदा हसत वळली, तर श्रद्धा खाटेवर मांडी घालून बसलेली. तिने सगळे पाहिले होते.

‘‘आई, सोमवारी माझं पोट खरंच दुखत होतं. तू म्हणालीस, रडत तर नाहीयेस, मग जा शाळेत. मी कसं रडायला हवं होतं?’’