तरसशेठची देखणी टाकी

एका जंगलात, बाळांनो, समुद्र होता. हसू नका. झाडं संपली की वाळू लागायची आणि वाळू संपली की समुद्र, एवढं साधं होतं ते.

काठावर तरसशेठने साबणाचा कारखाना काढला होता. साबण फार चांगला. हत्तीपासून उंदरापर्यंत सगळे त्यानेच अंघोळ करायचे. अख्खं जंगल घमघमायचं. कारखान्याचं उरलेलं पाणी तेवढं एका पाइपातून समुद्रात जायचं. आता ते कुठेतरी जायलाच हवं ना!

जवळच्या दरडीत खंड्याचं बीळ होतं. बिळात तीन पिल्लं. खंड्या सकाळी सूर मारायला जायचा आणि चोचीत फेस घेऊन परत यायचा. धाकट्या पिल्लाने तर चोच उघडणंही सोडून दिलं होतं.

"अहो, शेठकडे जा तरी," बायको म्हणाली. "देवाने एवढी मोठी चोच दिलीय, कधी बोलायलाही वापरा!"

खंड्या गेला. भीत भीत म्हणाला, "शेठ, तुमचं पाणी आधी एका टाकीत घ्या. घाण खाली बसू द्या. मग वरचं पाणी गाळून समुद्रात सोडा. माझी पिल्लं उपाशी आहेत हो."

तरसशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. तरसाला हसताना सगळ्यांनी पाहिलंय. रडताना पाहणारा खंड्या पहिलाच.

"खंड्याराव, डोळे उघडलेत तुम्ही! समुद्र म्हणजे आपली आई. उद्यापासूनच टाकीचं काम सुरू करतो."

आणि त्याने खरंच टाकी बांधली. शेठ दिल्या शब्दाला जागला, हे मान्य करायला हवं. टाकीला निळ्या फरश्या बसवल्या. मधोमध कारंजं, कडेने कर्दळ. उद्घाटनाला सिंहमहाराज आले. त्यांनी फीत दातांनीच तोडली. टाळ्या वाजल्या आणि येईल त्याला साबणाची एक वडी भेट मिळाली.

खंड्या मात्र पाइपाकडे बघत होता. पाइप अजून समुद्रातच तोंड घालून बसला होता.

"शेठ, टाकीत पाणी कधी सोडणार?"

"भरलीय की! झऱ्याचं गोड पाणी आहे."

"ते नव्हे. कारखान्याचं."

शेठ दचकलाच. "काय बोलता खंड्याराव! एवढी देखणी टाकी, महाराजांचे पाय लागलेली. तिच्यात घाण पाणी सोडायचं? तुमचा तरी जीव धजेल का?"

खंड्याने टाकीकडे पाहिलं. खरंच, त्याचाही जीव धजेना. शिवाय आत चंदेरी मासे फिरत होते, लांबच्या नदीतून आणलेले.

"पिल्लांना इकडेच आणा," शेठ हळूच म्हणाला. "आजपासून तुम्ही टाकीचे रक्षक. मासे हवे तेवढे घ्या. फक्त पाहुणे आले की एक सूर मारून दाखवायचा. पाणी किती स्वच्छ आहे ते त्यांना कळायला नको का?"

खंड्याला पुन्हा पाइपाचं विचारायचं होतं. पण धाकटं पिल्लू डोळ्यांसमोर आलं आणि त्याने मान डोलावली. त्याला नावं ठेवू नका, बाळांनो. तुम्हाला अजून पिल्लं नाहीत.

पिल्लं गुटगुटीत झाली. दूरदूरचे कारखानदार टाकी बघायला यायचे. खंड्याचा सूर पाहून "वा, वा!" करायचे आणि घरी जाऊन अश्शीच टाकी बांधायचे.

एका दुपारी खंड्याची जुनी शेजारीण आली, जनाक्का पाणमांजर. अंगभर फेस चिकटलेला आणि मागे दोन हडकुळी पोरं.

"खंडूभाऊ, समुद्रात काही उरलं नाही रे. पोरांना एकेक मासा घेऊ दे."

पोरं टाकीकडे धावली. खंड्या पंख पसरून आडवा आला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू येईना.

"मागे व्हा! ते फेसाचे पाय टाकीत घालू नका! पाणी घाण होईल!"

जनाक्काने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग पोरांना घेऊन ती समुद्राकडे परत गेली. दुसरीकडे जायला तिला जागाच नव्हती.

तात्पर्य: कारखानदाराने मनावर घेतलं, तर समुद्र अगदी लख्ख ठेवता येतो. फक्त तो कारखान्याच्या आवारात मावेल एवढा असावा.