प्रमिलाताई आणि पांढरी तीन

प्रमिलाताई सोनवण्यांच्या घरात नुसती पडून राहिलेली वस्तू सापडणार नाही. एकदा कुठल्याशा दुकानात योजनेत त्यांना कुत्र्याच्या बिस्किटांचा पुडा फुकट मिळाला. ताईंकडे कुत्रा नाही. कुत्रा हा प्राणी त्यांना आवडतही नाही. पण पुडा घरात आला होता. मग रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलं की त्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर जायच्या, तिथल्या एका पिवळ्या कुत्र्याला समोर बसवायच्या आणि मोजून बिस्किटं द्यायच्या. पुडा संपला त्या दिवशी त्यांनी रिकामी पिशवी त्याच्यासमोर उलटी करून झटकून दाखवली, "स्टॉक संपला," म्हणाल्या आणि घरी आल्या. पुढे बरेच दिवस ते कुत्रं संध्याकाळी गेटवर येऊन बसायचं. ताई त्याच्या शेजारून सरळ चालत यायच्या.

चऱ्होलीत आमचे फ्लॅट समोरासमोर आहेत. मी तळवड्याला आयटीत आहे. ताई चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. जो माल रॅकवर येऊन बसतो आणि हलायचं नाव घेत नाही, त्याला स्टोअरवाले नॉन-मूव्हिंग म्हणतात. ताईंचा जन्म त्याच्याशी भांडण्यात गेला. "घरात नॉन-मूव्हिंग काही नको, निखिल," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला ते त्यांच्या दारावरच्या पाटीवर लिहिलेलं असावं असं वाटतं. बॅगेवर फुकट आलेली पोहण्याची टोपी त्या केसांना मेंदी लावताना घालतात. माझ्या बायकोने वाढदिवसाला दिलेली सुगंधी मेणबत्ती त्यांनी दोन संध्याकाळी समोर बसून जाळली. "संपवली एकदाची," म्हणाल्या. "घरभर चिंचेचा वास." तो लॅव्हेंडरचा होता.

एकट्या राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. हे त्या स्टोअरमधला शिल्लक माल सांगावा तशा आवाजात सांगतात.

तर कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात लकी ड्रॉ होता. पहिलं बक्षीस मिक्सर. ताईंचा डोळा त्या मिक्सरवर. तो लागला एका ट्रेनीला, जो भोसरीत चारजणांत खोली करून राहत होता आणि मेसमध्ये जेवत होता. ताईंना मिळालं युकुलेले. एचआरमध्ये नव्याने लागलेल्या मुलीने बक्षिसांत काहीतरी वेगळं असावं म्हणून ते आणलं होतं. ट्रेनी बिचारा स्वतःहून म्हणाला, "मॅडम, बदलून घेऊ या." ताईंनी नकार दिला. "माझ्या नावावर हे इश्यू झालंय," त्या म्हणाल्या. "आता बदललं की रेकॉर्ड बिघडतं."

त्या संध्याकाळी आमची बेल वाजली. ताई ते खोकं काखेत धरून उभ्या.

"निखिल, तू गिटार वाजवायचास ना रे?"

"कॉलेजात. आता विसरलो."

"हे तिचंच पिल्लू दिसतंय. कसं वापरायचं सांग."

आमचे वॉचमन मामा त्या वाद्याला शेवटपर्यंत "ताईंचं उकडलेलं" म्हणत राहिले. पण ताईंनी ते मनावर घेतलं. चार तारा, मांडीवर मावेल एवढं लाकूड. सी कॉर्डला एकच बोट लागतं. ती त्यांनी चहा गार व्हायच्या आत शिकून घेतली. मग एफ, मग जी. एकेका कॉर्डची बोटं बसली की त्या मान डोलावून म्हणायच्या, "ओके माल. पुढचा दाखव." महिन्याभरात त्यांना वाढदिवसाचं गाणं येऊ लागलं आणि सोसायटीत कुणाचाही वाढदिवस असो, ताई बोलावल्याशिवाय हजर व्हायला लागल्या. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी आपला वाढदिवस त्या वर्षी लोणावळ्याला साजरा केला.

मला वाटलं, झालं. वस्तू वापरात आली, आता त्या माझा पिच्छा सोडतील. पण एका रविवारी त्या आल्या आणि म्हणाल्या, "एक आमच्या घरचं गाणं आहे. ते बसवायचंय."

त्यांनी ते गुणगुणून दाखवलं. हळदीचं गाणं होतं. 'हळद दळती दोघी जणी, जातं एकीच्या दारी' अशी सुरुवात. चाल साधी, पण मनात घोळत राहील अशी. मी म्हणालो, "अगदी सोपं आहे. तुम्हाला येतात त्याच तीन कॉर्ड्समध्ये बसेल."

"कुठल्या पट्टीत?"

ताईंच्या तोंडी पट्टी हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. "सी म्हणजे पांढरी एक. पेटीवरची पहिली पांढरी."

"नाही चालणार. पांढरी तीन पाहिजे."

पांढरी तीन म्हणजे ई. युकुलेलेवर ई म्हणजे नवशिक्याला घाम. दांडीवरच्या चौथ्या घरात तीन बोटं एकमेकांना चिकटून बसवायची आणि उरलेलं एक दुसऱ्या घरात. शिवाय त्या पट्टीत बी कॉर्ड लागते, तिथे पहिलं बोट तारांवर आडवं दाबून बाकीची वर चढवायची. मी हे सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणालो, "ताई, गाणं तेच राहतं. फक्त थोडं खालून म्हणायचं."

"शकू खाली येणार नाही," ताई म्हणाल्या.

"शकू कोण?"

"आहे एक. तू बोटं दाखव."

मी पळवाट म्हणून कॅपो आणून दिला. हा एक चिमटा असतो, तो तारांवर लावला की सोप्या कॉर्ड्स धरूनही वरची पट्टी मिळते. ताईंनी लावून पाहिला. एवढ्याशा वाद्यावर चौथ्या घरात चिमटा लावल्यावर जो आवाज निघाला तो ऐकून त्या म्हणाल्या, "डास आहे हा." चिमटा त्यांनी ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी तो पोह्यांच्या पिशवीला लावलेला दिसला.

मग ई सुरू झाली. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी ई. संध्याकाळी आल्यावर ई. ती वाजत नसे, नुसती खुटखुटत असे. त्यांची बोटं जाड, खोकी उचलून कडक झालेली. तीन बोटं एका घरात मावायची नाहीत. शेअर रिक्षातल्या मागच्या सीटवर माणसं कोंबत असल्यासारखं त्या बोटांना दरडावायच्या, "सरका की! अजून एक बसायचंय." पुढे वाद्य बसमध्येही जायला लागलं. चाकणच्या चौकात बस अडकली की बाकीचे मोबाइल काढायचे, ताई युकुलेले काढायच्या. बसमधल्या लोकांनी सुरुवातीला कुरकुर केली. नंतर ट्रॅफिक सुटला आणि कॉर्ड अर्धवट राहिली की तेच हळहळायला लागले.

पण ताई आता हट्टाला पेटलेल्या दिसायच्या. वस्तू वापरायची म्हणून वापरणं आणि हे, यात फरक होता. बोटांच्या टोकांना चरे पडले होते. बी कॉर्ड काही केल्या बसेना, तेव्हा एक दिवस मीच वैतागलो.

"ताई, त्या शकूला दोन पट्ट्या खाली यायला काय होतं?"

ताईंनी वाद्य मांडीवर आडवं ठेवलं.

"मीच तिला सांगितलं होतं खाली यायला," त्या म्हणाल्या.

शकू त्यांची धाकटी सख्खी बहीण. भोसरीत असते. आई-वडील लातूरकडून भोसरीत आले तेव्हा ह्या दोघी लहान होत्या. ते हळदीचं गाणं आईने रचलेलं. नात्यात कुणाचीही हळद असो, दोघी बहिणी ते म्हणायच्या. आवाज शकूचा. ताई मागून साथ देणार. गल्लीतल्या पेटीवाल्याने एकदा सांगितलं होतं, धाकटीची पट्टी पांढरी तीन, बाई माणसात असा चढा गळा फार कमी असतो. ते शकूने आयुष्यभर मिरवलं.

"मग शकूच्याच लेकीची हळद होती," ताई म्हणाल्या. "सासरकडची मंडळी मोठी. हॉल मोठा. साउंडवाला बोलावलेला. आम्ही उभ्या राहिलो म्हणायला. मला उगाच लाज वाटली बघ. त्या लोकांपुढे आपण काय गावाकडचं गळा काढून म्हणतोय. मी हळूच तिच्या कानात म्हणाले, शकू, खाली घे, किंचाळल्यासारखं वाटतंय."

"मग?"

"माईक चालू होता."

अख्ख्या हॉलने ऐकलं. काही लोक हसले. शकूताई कडवं अर्धं टाकून खाली उतरल्या, आणि त्यानंतर बहिणीशी एक शब्द बोलल्या नाहीत.

"आता तिचं गळ्याचं ऑपरेशन आहे," ताई म्हणाल्या. "थायरॉइडची गाठ आहे. भाचीचा फोन होता. डॉक्टर म्हणालेत, आवाजाचं आत्ताच काही सांगता येत नाही."

"मग फोन करा ना त्यांना."

"फोनवर काय बोलू?" असं म्हणून त्यांनी वाद्य उचललं आणि आडवं बोट दाबलं. "हे दुसरं बोट कुठे जातं, ते सांग."

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी ताईंनी मला गाडी काढायला लावली. बी अजून निम्म्याच वेळा बसत होती. युकुलेले त्यांनी ओढणीत गुंडाळून मांडीवर धरलं होतं.

शकूताई भोसरीत एका वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्यांत राहतात. रविवार असल्यामुळे खाली शटर बंद होतं. दार त्यांनीच उघडलं. मोठ्या बहिणीइतक्याच उंच, पण भरल्या अंगाच्या. पदर गळ्याभोवती घट्ट घेतलेला. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या." मग मी कुठला, आई-वडील कुठे असतात, मुलं किती, सगळं विचारून झालं. बहिणीकडे एकदाही पाहिलं नाही.

"तुमच्या ताईंना विचारा, चहात साखर चालते का अजून," त्या मला म्हणाल्या.

"चालते म्हणावं," ताई मला म्हणाल्या.

चहा झाला. ताईंनी ओढणी सोडली.

"हे काय? खेळणं?" शकूताईंनी मलाच विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत ताईंनी बोटं बसवली. तिन्ही बोटं चौथ्या घरात मावली. ई स्वच्छ वाजली. मग त्या थेट बहिणीकडे बघून म्हणाल्या, "शकू, घे. तुझ्या पट्टीत लावलंय."

ताई एकच कॉर्ड पुन्हा पुन्हा छेडत राहिल्या, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मग शकूताईंनी गळ्याभोवतीचा पदर सैल केला आणि म्हणायला सुरुवात केली.

तो आवाज त्या खोलीत मावणारा नव्हता. मला संगीतातलं थोडंफार कळतं असं मी समजत होतो. तरी पट्टी खाली घ्या, असं मी त्या बाईंना सांगायला सुचवलं होतं, याची मला त्या क्षणी कमाल वाटली. दुसऱ्या ओळीवर बी आली आणि ताईंची बोटं अडकली. आडवं बोट बसलं, बाकीची चाचपडत राहिली. शकूताईंनी तो सूर सोडला नाही. बहिणीच्या बोटांवर नजर ठेवून त्या तिथेच थांबल्या, श्वास पुरवून पुरवून. बोटं जागेवर बसली, कॉर्ड वाजली, तेव्हाच त्या पुढच्या शब्दावर गेल्या. प्रत्येक कडव्यात तसंच झालं.

गाणं संपल्यावर कुणी माफी मागितली नाही. शकूताई म्हणाल्या, "अक्का, बोटं बघू." ताईंनी हात पुढे केला. शकूताईंनी बोटांची टोकं एकेक करून चाचपून पाहिली आणि तो हात आपल्या मांडीवर ठेवून घेतला. मी गाडी नीट लावली आहे का बघायला खाली उतरलो.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. गाठ साधी निघाली. आवाज आधी बसला, मग हळूहळू परत आला, पण वरचा सूर लागेना. आता शकूताई पांढरी एकवरच म्हणतात. रोज संध्याकाळी बहिणीचा फोन येतो. ताई स्पीकर लावतात आणि सी, एफ, जी या साध्यासोप्या कॉर्ड्सवर साथ देतात. दोघी आता आईचंच नाही, काय वाट्टेल ते म्हणतात. मध्येच भांडतातही.

पण फोन ठेवला की समोरच्या दारामागून मला पुन्हा ई ऐकू येते, आणि मागोमाग चाचपडत येणारी बी. एक दिवस मी न राहवून म्हणालो, "ताई, आता सोपं झालंय ना. कशाला बोटं झिजवता?"

ताईंनी वाजवणं थांबवलं नाही.

"चढेल ती परत," त्या म्हणाल्या. "आणि ती चढली तेव्हा मी खालीच राहिले असले तर?"