अस्सलबरहुकूम तम्माण्णा

कादंबरीच्या शेवटच्या पानांवर थोरामोठ्यांचे अभिप्राय छापायची आपल्याकडे चाल आहे. 'भाषा ओघवती', 'प्रत्येक घरी असावे असे पुस्तक' वगैरे. धारवाडचे तम्माण्णा कुलकर्णी आपली कादंबरी आपणच छापत आणि शेवटी अभिप्रायही छापत. फरक एवढाच की आलेले सगळे छापत. त्यांच्या दुसऱ्या कादंबरीच्या मागे पहिलीबद्दलचे हे अभिप्राय मी माझ्या डोळ्यांनी वाचले आहेत : 'कागद चांगला आहे. — एक वकील, हुबळी.' 'अळणावरला गाडी चुकली म्हणून वाचली. दुसरी गाडी आली तेव्हा बरे वाटले. — एक लाकडाचे व्यापारी.' 'झोप उत्तम लागली. — लेखकाचे थोरले मेव्हणे.'

तम्माण्णा जिल्हा कोर्टात नकलनवीस होते. दिवसभर निकालांच्या, जबान्यांच्या नकला करायच्या आणि प्रत्येकीखाली वळणदार अक्षरात 'अस्सलबरहुकूम नक्कल' असं लिहायचं. म्हणजे मुळात आहे तसं, काना नाही की मात्रा नाही इकडची तिकडं. ही सवय कचेरीतून घरी आली आणि घरातून कादंबरीत शिरली.

"साक्षीदार बोलला ते लिहायचं की हो मास्तर," ते मला म्हणाले. मी शेजारच्या घरात राहत होतो आणि शाळेत मराठी शिकवत होतो. "मला गोड लागलं तेवढंच लिहायला मी काय पक्षकार?"

या खटल्यात पक्षकार तुम्हीच, असं मी सुचवून पाहिलं. तर म्हणाले, म्हणून तर जास्त जपायला पाहिजे.

अभिप्राय गोळा करायची त्यांची रीतही कोर्टाचीच. पुस्तक फुकट द्यायचे आणि आठवडा गेला की काळी टोपी, छत्री आणि खिशात दौत घेऊन वाचकाच्या दारात हजर व्हायचे. वाचक काय बोलेल ते लिहून घ्यायचे, मोठ्यानं वाचून दाखवायचे, "बरोबर आहे?" विचारायचे आणि सही घ्यायचे. आमच्या मळमड्डीत कितीतरी सभ्य गृहस्थ ती छत्री कोपऱ्यावर दिसली की परसदारानं निसटत. एकदा एका डॉक्टरांनी वैतागून सांगितलं, "कादंबरी टुकार आहे." तम्माण्णांनी ते लिहून घेतलं आणि अत्यंत अदबीनं विचारलं, "टुकार पहिल्यापासून, की मधूनच?" डॉक्टर विरघळले. पुढं तासभर बसून त्यांनी प्रकरणवार टुकारपणा सांगितला. तोही छापला गेला. मी माणसांना स्तुती पचवताना पुष्कळदा पाहिलं आहे. निंदा इतकी स्वच्छ पचवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची थोडी भीतीच वाटायची.

पुण्याचं एक मासिक दरसाल कादंबरीची स्पर्धा लावी. तम्माण्णा दरसाल हस्तलिखित मेणकापडात बांधून, लाखेचा शिक्का मारून धाडत. दरसाल ते परत येई. परत आलं की तम्माण्णा पेढे आणत. बक्षीस नाही आणि पेढे कसले, असं गल्ली विचारी. ते म्हणत, एवढ्या लांब जाऊन पोरगी सुखरूप घरी आली, तोंड गोड नको करायला? पहिला पेढा अंबक्कांना, मग गल्लीला.

अंबक्का त्यांची बायको, कलघटगीच्या कानडी घरातली. मराठी कळायचं त्यांना, पण मराठी अक्षर वाचता येत नव्हतं. कानडी मात्र घडघडा वाचत. त्यांच्याशिवाय तम्माण्णांचं पानही हलत नव्हतं. त्यांची लिहायची तऱ्हाच अशी : संध्याकाळी कचेरीतून आले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पुढचं प्रकरण अंबक्कांना कानडीत सांगायचं. त्या तांदूळ निवडता निवडता ऐकत, मध्येच 'हूं' म्हणत, एखाद्या सासूला शिव्या घालत. दुसऱ्या दिवशी सकाळी तम्माण्णा तेच मराठीत लिहून काढत. मला एकदा म्हणाले होते, "कादंबरी म्हणजे नक्कल हो. अस्सल ते घरात सांगितलेलं."

लढाई सुरू होती आणि कागद मिळेना झाला होता, त्या वर्षी त्यांनी गोदा नावाच्या नायिकेची कादंबरी लिहिली. मासिकाच्या परीक्षकांनी आधीच्या खेपेला शेरा मारला होता की लेखकाचं काळीज फार मऊ, कुणालाच मरू देत नाही. तम्माण्णांनी तो शेरा मनावर घेतला. या वेळी गोदा तापानं अंथरूण धरते आणि शेवटी जाते. त्याच सुमारास अंबक्कांनीही अंथरूण धरलं. त्यामुळे शेवटचं प्रकरण सांगायचं राहिलं आणि पहिल्यांदाच ते आधी कागदावर उतरलं. तम्माण्णांनी ते मला वाचायला दिलं. मी वाचलं आणि रडलो. मास्तरकीत इतकी वर्षं गेली, पण असं मी कधी रडलो नव्हतो. या वेळी बक्षीस यांचंच, अशी माझी खात्री झाली. मी तसं सांगितलं तेव्हा ते लहान मुलासारखे लाजले आणि दौत उघडून म्हणाले, "सही करता?"

हस्तलिखित धाडायची मुदत दोन दिवसांवर आली होती. रविवारी दुपारी मी पेज घेऊन त्यांच्याकडे गेलो. अंबक्का भिंतीकडच्या खाटेवर पडून होत्या, डोळे तेवढे जागे. तम्माण्णा उशाशी बसून, हातात कागद धरून शेवटचं प्रकरण कानडीत सांगत होते. गोदेचा ताप चढला तिथं अंबक्कांनी त्यांचा हात धरला.

"आकी बदुकताळ?" अंबक्कांनी विचारलं. जगेल का ती?

तम्माण्णांनी कागदाकडे पाहिलं. मग सांगायला लागले. कलघटगीहून वैद्य आला, पहाटे घाम फुटला, ताप उतरला. गोदा उठून बसली आणि मऊ भात मागितला तिनं. बरोबर वेळ झाली की पान उलटत होते, नजर पानावरून हलत नव्हती. मी मागं उभा होतो. त्या पानावर गोदेची तिरडी बांधत होते.

"बदुकिदळल्ला," अंबक्का म्हणाल्या. "साकु." जगली ना, पुरे झालं. आणि डोळे मिटून स्वस्थ झोपल्या.

बाहेर कट्ट्यावर येऊन तम्माण्णांनी ती पानं सुटी केली. "अस्सल बदललं, मास्तर," म्हणाले. "आता नक्कल दुरुस्त करायला पाहिजे."

मी खूप समजावलं. पुण्याला आहे तीच प्रत जाऊ द्या, म्हटलं. घरात गोदा जगू दे, पुण्यात मरू दे. अंबक्कांना मराठी वाचता येत नाही, त्यांना कुठं कळणार आहे?

कोर्टाचे कागद फाडायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिला वाचता येत नाही म्हणून तिला खोटी नक्कल द्यायची?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत रजा टाकून त्यांनी शेवट नव्यानं लिहिला आणि लाख लावून टपालात टाकला. मला राग आला होता. आणि त्या रागाखाली असं काही वाटत होतं की त्यांच्या पाया पडावं.

अंबक्का थंडीत गेल्या. नंतर पुण्याहून हस्तलिखित परत आलं. त्यावर शेरा होता : 'शेवट पटत नाही. नायिका केवळ लेखकाच्या हौसेखातर उठून बसते.' तम्माण्णांनी पेढे आणले. पुडा घेऊन ते आधी आपल्याच घरात गेले, सवयीनं. बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि पुडा माझ्या हातात दिला.

आता छापताना तरी जुना शेवट घाला, मी म्हटलं. आता कुणाला वाईट वाटायचं आहे?

"साक्षीदार वारला म्हणून जबानी बदलत नाही, मास्तर."

कादंबरी लढाईतल्या खरखरीत, पिवळट कागदावर निघाली. गोदा त्यात जगली आहे. एरवी एका कादंबरीचे अभिप्राय पुढच्या कादंबरीच्या मागे येत, या वेळी मात्र ते त्याच पुस्तकाच्या मागे छापले होते. पहिला अभिप्राय परीक्षकांचा होता, अस्सलबरहुकूम. दुसरा माझा : 'शेवट बदलायला नको होता. — एक शाळामास्तर.' मी तसं बोललो होतो, छापायच्या आधी त्यांनी त्याखाली सहीही घेतली होती. त्याखाली, पानाच्या तळाशी, छापखान्यात कानडी अक्षरांचे खिळे मुद्दाम लावून घेतलेली एक ओळ होती : 'बदुकिदळल्ला, साकु. — घरातून.'

सबंध पुस्तकात अंबक्कांना वाचता आली असती अशी ती एकच ओळ.