जानव्याला बांधलेली किल्ली

नारळीभाताचा दुसरा घास तोंडाशी नेताना श्रीनाथ दफ्तरदारांनी सवयीप्रमाणे डावा हात उजव्या कमरेशी नेला आणि घास तिथंच थांबला. सकाळी रामघाटावर श्रावणी करून घातलेलं कोरं जानवं हाताला लागलं. त्याला बांधलेली किल्ली काही लागली नाही. लागणार कशी? ती जुन्या जानव्याला होती, आणि जुनं जानवं त्यांनी साडेनऊच्या सुमारास मंत्रपूर्वक शिप्रेत सोडलं होतं.

"काय झालं? गूळ कमी पडला का?" अंबिकाबाईंनी विचारलं.

"छे, एकदम बढिया झालाय," असं म्हणून श्रीनाथ उरलेला भात न चावता गिळू लागले.

किल्ली कपाटाची होती आणि कपाटात बंदूक होती. दफ्तरदारांचे पूर्वज शिंदे सरकारच्या शस्त्रागारात नोकरीला होते. तलवारींच्या याद्या करणं हे त्यांचं काम. पण 'आमचं घराणं शस्त्रागारातलं' एवढंच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या खाली आलं, याद्यांची गोष्ट वाटेत गळून पडली. त्यात नानाखेड्याच्या कॉलनीत समोरच ठाकूरसाहेब राहायला आले. ते लग्नाला निघाले की खांद्यावर दुनळी आणि मागून बायको. श्रीनाथ लग्नाला निघाले की खांद्यावर शबनम पिशवी. निवृत्तीनंतर हा फरक त्यांना सोसेना. त्यांनी लायसन्ससाठी अर्ज केला आणि कारणाच्या रकान्यात 'जिवाला धोका' असं ठोकून दिलं. चौकशीला आलेल्या शिपायानं विचारलं, "खतरा किससे है?" श्रीनाथांना शत्रू आठवेना. शेवटी ते म्हणाले, "मैं चौंतीस साल सरकारी दफ्तर में शिकायत-निवारण शाखा में था." शिपायानं पुढं एक शब्द विचारला नाही.

साडेतीन वर्षांनी एकनळी बंदूक घरात आली. त्याआधी दोन दिवसांचं सक्तीचं प्रशिक्षण झालं. शिकवायला एक निवृत्त सुभेदार होते. बंदूक कायम भरलेलीच आहे असं समजून हाताळायची, नळी माणसाकडे करायची नाही, बोट घोड्यापासून लांब, काडतुसं वेगळ्या कुलपात आणि किल्ली फक्त लायसन्सवाल्याकडे. श्रीनाथांनी पाच गोळ्या झाडल्या, त्यातल्या चार शेजारच्या माणसाच्या लक्ष्यावर लागल्या. सुभेदारांनी प्रमाणपत्र दिलं आणि म्हणाले, "आप बस संभालकर रखिएगा. चलाने की जरूरत नहीं." श्रीनाथांना ही आपल्या संयमी स्वभावाची तारीफ वाटली.

सांभाळण्यात मात्र त्यांनी कसूर केली नाही. अंबिकाबाईंच्या लग्नात आलेल्या लोखंडी कपाटातून साड्या बाहेर निघाल्या आणि गाठोड्यात जाऊन माळ्यावर बसल्या. बंदूक कपाटात गेली. काडतुसं कुलूपबंद डब्यात, देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये. कपाटाची किल्ली जानव्याला.

"एक चाबी मला पण देऊन ठेवा ना," अंबिकाबाई म्हणाल्या होत्या. "कधी काही इमर्जन्सी झाली तर?"

"नियमात बसत नाही. लायसन्स माझ्या नावावर आहे."

"आणि डुप्लिकेट?"

"ती सर्वात सेफ जागी ठेवलीय," श्रीनाथ म्हणाले. "कपाटाच्या आत."

अंबिकाबाई कुकर लावायला गेल्या. तेव्हापासून रोज झोपण्यापूर्वी श्रीनाथ कपाटाचं हँडल एकदा ओढून बघत. ते हलत नसे. नियम पाळण्यातलं सुख काय असतं ते त्यांना त्या क्षणी कळे. बंदूक विनाकारण बाहेर काढू नये असाही नियम असल्यानं दार त्यांनी एकदाही उघडलं नव्हतं.

आणि आता वॉर्डाची पोटनिवडणूक लागली होती. सगळ्या लायसन्सवाल्यांनी आपापली हत्यारं ठाण्यात जमा करावीत, असा हुकूम निघाला होता. शेवटची तारीख उद्याची, संध्याकाळी पाचपर्यंत. नाहीतर लायसन्स रद्द. श्रीनाथांनी मुद्दाम शेवटचा दिवस निवडला होता, कारण त्या दिवशी ठाण्यात गर्दी असते आणि चार लोक बघतात.

हे सगळं अंबिकाबाईंना सांगितलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण ज्या बायकोला किल्ली नाकारली तिलाच किल्ली हरवल्याचं सांगायचं, हे श्रीनाथांना मरणापेक्षा अवघड वाटलं. "जरा श्रीधरकडे जाऊन येतो," असं मित्राचं नाव सांगून त्यांनी रिक्षा पकडली आणि थेट रामघाट गाठला.

घाटावर दोरीला लोहचुंबक बांधून नदीतली नाणी काढणारा गोपाल नावाचा इसम होता. श्रीनाथांनी त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं.

"चाबी काहे की है?" गोपालनं विचारलं.

"अलमारी की."

"अलमारी में क्या है?"

"ये नहीं बता सकता. नियम है."

"तो फिर बंदूक होगी," गोपाल म्हणाला आणि त्यानं पाण्यात दोरी सोडली.

श्रावणातली शिप्रा दुथडी भरलेली, पाणी चहाच्या रंगाचं. दोन तासांत एक नाल, एक सांडशी, सायकलची चेन आणि नऊ किल्ल्या वर आल्या. प्रत्येक किल्लीच्या वेळी घाटावरची माणसं विचारत, "यही है?" आणि श्रीनाथ मान हलवत. तोपर्यंत कशाचा शोध चाललाय हे सांगण्याचं काम गोपाल दोरी ओढता ओढता चोख करत होता. सकाळी ज्यांनी श्रावणी सांगितली ते उपाध्येही आले. म्हणाले, "दफ्तरदार, मातेला वाहिलेलं परत मागायचं नसतं. देवाला काय वाटेल?" देवापेक्षा ठाण्यात हत्यारांची नोंद ठेवणाऱ्या मुन्शीजींना काय वाटेल याची चिंता श्रीनाथांना जास्त होती, आणि ते त्यांना संध्याकाळी फोनवरच कळलं.

"दफ्तरदार साहब? सुना है आपकी बंदूक शिप्रा में गिर गई?"

"नहीं नहीं, बंदूक नहीं..."

"कल पाँच बजे तक हाथ में लेकर आइए. नहीं लाए तो लाइसेंस तो जाएगा ही, गुमशुदगी की रिपोर्ट में आपका नाम सबसे ऊपर आएगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबिकाबाई भावाकडे, जयूकडे, राखीचं राहिलेलं जेवण जेवायला गेल्या. त्या कोपऱ्यावर वळताच श्रीनाथांनी बसस्टँडसमोरचा चावीवाला घरात आणला. परक्या माणसाला हत्याराचा पत्ता लागू द्यायचा नाही, हेही सुभेदारांनी शिकवलं होतं. म्हणून ते म्हणाले, "अंदर कुछ खास नहीं है. मिसेस की साड़ियाँ हैं."

चावीवाल्यानं पिशवी खाली ठेवली. ती उघडलीही नाही. त्यानं दाराच्या खालच्या कोपऱ्याला गुडघा लावला, हँडल जरासं वर उचललं आणि दार उघडलं.

"इसमें ताला कहाँ है, साहब?" तो म्हणाला. "सिर्फ छेद है." मग आत डोकावून त्यानं समाधानानं मान डोलावली. "सही बोले आप. साड़ियाँ ही हैं."

श्रीनाथांनी पाहिलं. वरच्या कप्प्यात पैठण्या, मधल्यात महेश्वरी आणि चंदेरी, खाली रोजच्या कॉटनच्या, प्रत्येक घडीत डांबरगोळी. बंदूक नव्हती. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि त्यांना स्वतःचं नाव वर्तमानपत्रात दिसू लागलं, तेही वयासकट. हे एक हत्यार गेलं की उरलेलं आयुष्य ठाकूरसाहेबांसमोर पुन्हा शबनम घेऊन काढायचं, हा विचार त्यांना तुरुंगापेक्षाही वाईट वाटला.

चार वाजता अंबिकाबाई परतल्या. उघडं कपाट, बसलेला नवरा आणि जाता जाता चहाची वाट बघत थांबलेला चावीवाला, हे त्यांनी एका नजरेत पाहिलं.

"अंबिका," श्रीनाथ म्हणाले, "बंदूक चोरीला गेली."

"कुठली चोरी? दिवाणात आहे ती."

"कुठल्या दिवाणात?"

"हॉलमधल्या. गादीखालच्या पेटीत. पाडव्याला मला पैठणी हवी होती, तर माळ्यावर कोण चढणार? कपाट तर उचलून धरलं की उघडतं, आपण इथं शिफ्ट झालो तेव्हापासून. साड्यांना तेलाचा वास लागत होता म्हणून बंदूक काढून ठेवली."

"म्हणजे... मी रोज दुपारी..."

"हां. दोन ते चार. घोरता पण त्याच्यावरच."

"आणि काडतुसं?" श्रीनाथांनी दबक्या आवाजात विचारलं.

"ती पण तिथंच. देवाच्या पायाशी बारूद नको वाटली मला. डब्याला कुलूप आहे, घाबरू नका. मला विचारलं असतं तर नदीत कशाला उतरले असते तुम्ही? जयूकडे सगळ्यांना माहिताय. मलाच नव्हतं."

पावणेपाचला दोघं ठाण्यात पोचले. रांगेत ठाकूरसाहेबांसकट दहा-बारा बंदूकवाले उभे होते. मुन्शीजींनी चष्म्यावरून पाहिलं. "आ गई? खोलकर दिखाइए, खाली है कि नहीं."

बंदूक कशी उघडायची हे श्रीनाथ विसरले होते. खटका शोधण्यासाठी त्यांनी ती आडवी धरली आणि उजेडाकडे वळवली. नळी रांगेवरून फिरली. ती जसजशी फिरली तसतशी रांग खाली बसत गेली. ठाकूरसाहेब सर्वांत आधी बसले. मुन्शीजी टेबलाखालून म्हणाले, "मैडम, आप ही खोल दीजिए. नियम से बनता नहीं है, पर मुझे बच्चे पालने हैं."

अंबिकाबाईंनी नळी फरशीकडे केली, बोट घोड्यापासून लांब ठेवलं आणि खटका दाबून बंदूक उघडली. रिकामी होती. आतून लख्ख होती आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हलका वास येत होता.

"क्या मेंटेन की है," मुन्शीजी वर येत म्हणाले. त्यांनी फॉर्म पुढं सरकवला. त्यावर छापलं होतं, 'शस्त्र हर समय मेरे ही कब्जे में रहा.' खाली सहीची जागा होती.

श्रीनाथांचं पेन अडखळलं. चौतीस वर्षांत त्यांनी तक्रारी निवारल्या नसतील, पण खोट्या कागदावर सही केली नव्हती. सही नाही तर लायसन्स नाही, आणि सही केली तर ती खोट्या कागदावरची.

"करा सही," अंबिकाबाई हळू म्हणाल्या. "चार महिने तुम्ही अंगाखाली घेऊन झोपलात. याच्यावर अजून कब्जा काय असतो?"

श्रीनाथांनी पेन पुन्हा कागदाला टेकवलं. मग निर्मळ मनानं, पूर्ण नाव लिहून सही केली.

मुन्शीजींनी शिक्का मारला आणि उठून उभ्या राहणाऱ्या रांगेकडे वळले. "देखिए, इसको कहते हैं रखरखाव. साहब से कुछ सीखिए."

श्रीनाथ वळले. समोर डझनभर माणसं होती, त्यांत ठाकूरसाहेब होते आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी घसा साफ केला. "देखिए, पहली बात," ते म्हणाले, "चाबी हमेशा शरीर पर."

अंबिकाबाई बाहेर येऊन रिक्षात बसल्या. रिक्षावाल्यानं इंजिन चालू केलं आणि मागं वळून विचारलं, "साहब को टाइम लगेगा, मैडम?"

"गाडी बंद करो, भैया," अंबिकाबाई म्हणाल्या. "लाइसेंस बच गया है. अब तो लगेगा."