राजकुवर की उकंडी?

"नाव म्हंजे काय कोंबडीचं पीस हाय, वाऱ्यानं येऊन पडायला?" राजसबाई कडाडल्या. "माझ्या नातीचं नाव असं ठेवीन, की शिरड शहापुरात घेतलं तर औंढ्याच्या देवळात घंटा वाजल!"

मुलखात तेव्हा निजामाचं राज्य होतं, पण ते राजसबाईंच्या उंबऱ्याबाहेर. आत त्यांचं!

सून सखू बाळाला छातीशी धरून म्हणाली, "आत्याबाई, आधीची दोन लेकरं महिना बघायच्या आत गेली. हिला उकंड्यावर ठेवू. परक्या बाईनं उचलावी, आपुन सूपभर कोंडा देऊन इकत घ्यावी, अन् नाव उकंडी. शेणातल्या लेकराकडं मरणबी वळून पाहत न्हाई म्हणतात."

"उकंडी!" राजसबाई अशा किंचाळल्या, की आढ्यावरचं मांजर खाली पडलं! "जिथं राजसबाई नांदली तिथं शेणाच्या ढिगाचं नाव? राजकुवर ठेवीन! राजाची लेक! नावाला अर्थ पायजे, अर्थ!"

सखू गप्प झाली. पण गप्प सून म्हणजे झाकण घातलेलं मडकं. आत काय शिजतंय, कुणाला कळतंय?

बारशाला बाया जमल्या, गुळाला मुंगळे जमावे तशा! नाव ठेवायचा मान नणंदेचा, तोही राजसबाईंनी हिसकावला. रीतीप्रमाणे कुंचीत गुंडाळलेला वरवंटा पाळण्याखालून फिरला, पाठोपाठ बाळ फिरलं. दोन्ही गाठोडी सखूच्या हाती आली. तिनं एक पाळण्यात ठेवलं आणि दुसरं घेऊन ती मागल्या दारानं सटकली.

राजसबाईंना लांबच्या बाभळीवरचा होला दिसायचा, जवळचा हत्ती दिसायचा नाही. पण ते कबूल करतील तर त्या राजसबाई कसल्या! कुंचीत तोंड खुपसून त्या गरजल्या, "राजकुवर! राजकुवर! राजकुवर!"

"कुर्रर्र!" करत बायांनी त्यांच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले. राजसबाईंचा उरलेला एकुलता दात आत कशावर तरी टक्कन आपटला.

"अगं माय! टाळकं हाय का खडक!"

"आजीवर गेलंय!" मागून कुणी तरी बोललं.

कुंची उलगडली. आत काजळाची तीट लावलेला वरवंटा!

"माझी नात कुठंय?"

मग काय विचारता! कुणी कणगीत डोकावलं, कुणी घुगऱ्यांचं पातेलं ढवळलं. राजसबाई केरसुणी उगारून मागल्या दाराकडं धावल्या. दारात तांड्यावरची नानीबाई उभी, कडेवर बाळ, बाळाच्या गालाला शेण. मागं सखू अंग चोरून उभी.

"उकंड्यावर सापडली," नानीबाई म्हणाली. "आता माझी! कोंडा द्या अन् न्या. नाव मी ठेवलंय, उकंडी."

"ठेव खाली तिला! असलं नाव या घरात कधी आलं न्हाई!"

नानीबाईच्या हातातल्या बांगड्या खळखळल्या. "काहून न्हाई? तुझ्या माहेरी, पुसेगावच्या उकंड्यावरून तुला कुणी उचललं व्हतं? माझ्या याडीनं, आईनं! तुझ्या आईची चार लेकरं गेलती. माझी आई तुला सूपभर कोंड्याला इकून आली, हे ती मरेस्तोवर सांगत व्हती. तूच उकंडी! राजसबाई तर सासरच्यांनी लग्नात केलं."

घुगऱ्या चघळणाऱ्या बाया माना पुढं काढून बघू लागल्या. राजसबाईंच्या हातातली केरसुणी हळूच पदराआड गेली.

सखू पुटपुटली, "आत्याबाई... चार गेली, अन् तुमी जगलात?"

"जगले म्हंजे? तुमा समद्यांना पुरून उरले न्हाई का!" म्हणता म्हणता राजसबाई थबकल्या. नातीनं शेणासकट भलीमोठी जांभई दिली. त्यांनी डोळे पुसले आणि ओरडल्या, "बघता काय? कोंडा आणा! अन् एक न्हाई, दोन सुपं भरा! माझी नात काय माझ्याच भावात इकत घ्यायची?"

उकंडी जगली. चांगली तोंडाळ निघाली, आजीसारखी!

राहिलं दुसरं नाव. बारशात एकदा ठेवलेलं नाव मागं घेता येत नाही. म्हणून पाहुणे आले की राजसबाई मोठ्या रुबाबात आवाज द्यायच्या, "सखू, आमच्या राजकुवरला आण बरं बाहेर!"

पाहुणे सावरून बसायचे. सखू वरवंटा घेऊन यायची आणि चटणी वाटायला बसायची.