सेवालालचा दिवा

कॉलेजात प्रोग्रामवर चालणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड तीन आणि विद्यार्थी साठ, म्हणून धम्मदीपा मॅडमनी कारंज्याच्या आपल्या घरीच प्रयोगशाळा मांडली. आतल्या खोलीत बॅटरीवर चालणारा स्वस्तातला बोर्ड, त्याला जोडलेला दिवा आणि समोर कॅमेऱ्यासाठी जुना मोबाइल. दिव्याची पिन तेवढी भिंतीतल्या सॉकेटमध्ये. पोरांनी आपापल्या गावातून प्रोग्राम पाठवायचा आणि दिवा लागलेला फोनवर पाहायचा.

सोमवारच्या ऑनलाइन तासाला सेवालालची पाळी होती. शेलूबाजारजवळच्या तांड्यावर, रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर बसून त्याने प्रोग्राम पाठवला. दिवा लागला नाही.

"सेवालाल, दिवा लावायला शून्य टाकलंस? एक टाक," बाहेरच्या खोलीत, स्क्रीनवरच्या प्रोग्राममध्येच डोकं घातलेल्या मॅडम म्हणाल्या.

"पण मॅडम, दिव्याची..."

"आधी सांगितलं ते कर."

त्याने एक टाकला. दिवा ढिम्मच. चॅटमध्ये निरोपांवर निरोप येऊ लागले. पोरं टिंगल करत असतील म्हणून मॅडमनी न वाचताच चॅट आणि सगळ्यांचे माइक बंद केले.

"हा प्रोग्राम तू कोणाचा तरी उतरवून आणलास," त्या साठ जणांसमोर म्हणाल्या. "स्वतः लिहिला असतास तर चूक सापडली असती."

सेवालालने मान खाली घातली.

तेवढ्यात आतून मॅडमची आई, लिलाबाई, फोन हातात घेऊन आली. "दीपा, माहा फोन चार्ज झाला. तुह्या दिव्याची पिन काढली होती, लावून देऊ काय?"

"काहून काढली, माय? मले सांगतलं काहून नाही?"

"तू शिकवून राह्यली होती. पोरायनं पाह्यलं न, मी हात हलवला त्यायले."

मॅडमनी चॅट उघडली. पन्नासेक वेळा एकच ओळ होती: आजीनं पिन काढली. त्यांचे कान तापले. माइक सुरू केले, तर कोणी हसलंसुद्धा नाही. हसले असते तर बरं, असं त्यांना वाटलं.

"सेवालाल, माझं चुकलं. सगळ्यांसमोर बोलले, सगळ्यांसमोर माफी मागते."

"राहू द्या ना, मॅडम."

"नाही. चालव आता."

लिलाबाईने पिन लावली. दिवा लागला नाही.

मग सेवालाल अगदी हळू म्हणाला, "मॅडम, पुन्हा शून्य टाकू काय? ह्या बोर्डाचा स्विच उलटा हाय, शून्यावरच दिवा लागते. तुमीच पयल्या तासाले सांगतलं होतं."

"टाक," मॅडम कशाबशा म्हणाल्या.

दिवा लागला.

"हा प्रोग्राम सगळ्यांना पाठव," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, खालच्या आवाजात, "मलेबी पाठव."