कॉम्प्युटरचा झगा

माझ्या हाताला गुण आहे, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगू नये. पण दुसरं कोणी सांगत नाही, म्हणून सांगावं लागतं!

बायको घरी बसून लोकांच्या स्वयंपाकघरांची कपाटं आखून देते. आमचा कॉम्प्युटर दुकानातून आयता आणलेला, आता चांगलाच जुना. पडद्यावरचं कपाट इकडून तिकडे सरकवायचं म्हटलं, की तो असा विचारात पडे, जणू ते त्यालाच उचलायचंय!

"मला नवा हवा," बायको म्हणाली.

"नवा कशाला? याचाच वेग वाढवतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. कंपनीने प्रोसेसर मुद्दाम सावकाश चालवलेला असतो. आपण फक्त पळवायचा!"

"तुला मिक्सरचं भांडं धड बसवता येत नाही."

"हे डोक्याचं काम आहे."

"म्हणूनच भीती वाटते! पाचच्या आत ड्रॉइंग गेलं नाही, तर कारखानदार दुसऱ्या कोणाच्या फळ्या कापायला घेईल. इतकं मोठं काम मला पहिल्यांदा मिळालंय."

"पाच? तू तीनलाच पाठवशील!"

आधी झगा उतरवला. म्हणजे कॉम्प्युटरचा. आमच्या आईला उघडी वस्तू बघवत नाही. फ्रिज, मिक्सर, इस्त्री, सगळ्यांना तिने कपडे शिवलेत. कॉम्प्युटरचा झगा तर जाड, अस्तर लावलेला, वर भरतकामाची दोन बदकं. बटणापुरतं तेवढं काज ठेवलेलं! झगा धुवायला गेला आणि मी फोनवर वाचत वाचत सेटिंगच्या पडद्यात शिरलो.

तिथे वेगाचं नाव नाही! तारीख बदला, वेळ बदला, बास. फोनवर पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, की दुकानातून आणलेल्या आयत्या मशीनमध्ये कंपनी हे सगळं कुलूपबंद ठेवते. आता हे बायकोला सांगायचं? माझा जीव गेला असता तरी चाललं असतं! खाली पडद्यासंबंधीची एक ओळ दिसली. म्हटलं, काहीतरी बदलल्याशिवाय उठायचं नाही. बदलली.

पडदा काळाठिक्कर.

"झालं?" आतून बायको.

"होतंय!"

फोनने उपाय सांगितला: कॉम्प्युटरच्या आतला गोल सेल काढा, थोडं थांबा, परत बसवा. सेल काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि चहा करून आलो. येऊन बघतो, तर टेबल रिकामं!

मग जे शोधकार्य सुरू झालं, विचारू नका. सोफा सरकवला, पायपुसणी झटकली. बायको पालथी पडून कपाटाखाली बॅटरी मारत होती.

"माझं काम गेलं तर आयुष्यभर बोलणार नाही तुझ्याशी!"

"बोलतेयस तोवर जरा डावीकडे बघ."

आई तर सगळ्यांत तळमळीने झाडू फिरवत होती. "काय हरवलंय, ते तरी सांगा रे!"

"गोल सेल, आई! टेबलावर होता."

आईचा झाडू थांबला. "तो? तो मी वजनकाट्यात घातला. दोन महिने काट्याला सेल आण म्हणून तुझ्या कानीकपाळी ओरडतेय. म्हटलं, आणला वाटतं एकदाचा!"

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की वजनकाट्याशिवाय माझं वजन कमी झालं.

सेल परत आला. कॉम्प्युटर सुरू झाला, पण तारीख मागे कुठल्या तरी वर्षाची, आणि त्यामुळे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडायला तयार नाही. तारीख मात्र मला बदलता येत होती! बदलली. बायको बसली, आणि कपाट माउससोबत सुळकन सरकलं. दारं फटाफट उघडली. पाचला दहा मिनिटं असताना ड्रॉइंग गेलं!

"अरे, काय केलंस तू?" बायकोच्या डोळ्यांत चक्क कौतुक.

आता खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं. पण एवढं कौतुक परत करायचं कसं? "ओव्हरक्लॉकिंग," मी म्हणालो आणि मेव्हण्याला फोन करून तासभर त्याचं मर्म समजावलं.

दुसऱ्या दिवशी झगा वाळला. आईने तो इस्त्री करून चढवला. दुपारपर्यंत कपाटं परत जडशीळ!

"तुझा वेग उतरला रे," बायको वैतागून म्हणाली.

मी झग्यावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. बदकं भाजून निघत होती! बिचाऱ्या मशीनची सगळी वाफ आत कोंडत होती, म्हणून ते वर्षानुवर्षं धापा टाकत होतं. उपाय झगा काढण्याएवढा सोपा होता. पण तो सांगितला, तर आईच्या बदकांचा अपमान. शिवाय माझ्या ओव्हरक्लॉकिंगचं काय? मेव्हण्याला काय तोंड दाखवू?

"जुनं मशीन," मी गंभीरपणे म्हणालो. "माझा वेग त्याला झेपला नाही. नवाच घेऊ."

नवा आला. बायको खूश. मी गुपचूप सुस्कारा सोडला आणि मागे वळलो.

आई गळ्यात टेप अडकवून नव्या कॉम्प्युटरची मापं घेत होती. "या वेळी अस्तर दुहेरी लावते," ती म्हणाली. "महागाची वस्तू आहे!"